भिकाजीची टाच

भिकाजी धनावडे मृदंग वाजवायला उभा राहिला की आधी त्याची उजवी टाच पडायची आणि मग हाताची थाप. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. लांजा तालुक्यातल्या त्याच्या वाडीत शिमग्याला नमन-खेळे रंगायचे तेव्हा माणसांच्या गलक्यात टोकाच्या नाच्यांना मृदंग धड ऐकू येत नसे. मग ते भिकाजीच्या टाचेवर नजर ठेवून पाय टाकायचे. "भिकाजीची टाच चुकली तर आख्खा खेळा चुकंल," असं वाडीतले म्हातारे म्हणत, आणि भिकाजीला ते ऐकायला बरं वाटे. पुढे ही टाच इतकी अंगात मुरली की जेवताना, चहाचं पाणी उकळायची वाट बघताना, एस.टी.च्या रांगेतसुद्धा ती जमिनीवर पडतच राहायची. त्याची बायको काशी म्हणायची, "तुमची टाच ज्या दिवशी गप बसंल ना, त्या दिवशी मी पेढे वाटीन."

नोकरीला तो रत्नागिरीत होता, मूकबधिर मुलांच्या एका छोट्या शाळेत शिपाई. शाळा झाडगावच्या बाजूला भाड्याच्या घरात भरायची. खाली मुलांचं राहणं-जेवणं आणि वर माडीवर वर्ग. माडीची जमीन फळ्यांची. पायताणं जिन्याखाली काढायची आणि अनवाणी वर जायचं, हा त्या घराचा नियम होता आणि शाळेनेही तो तसाच ठेवला. सव्वीस मुलं, तीन शिक्षिका आणि मुख्याध्यापिका मथुराबाई शेट्ये. बाई शिस्तीच्या, पण मायाळू. मुलांनी प्रत्येक मोठ्या माणसाला हाताच्या खुणेने एक नाव ठेवलं होतं. शेट्येबाईंचं नाव म्हणजे नाकावर चष्मा सरकवणं. भिकाजीचं नाव म्हणजे पोटापुढे दोन्ही हातांनी मृदंग वाजवणं. पहिल्यांदा ती खूण बघितली तेव्हा भिकाजी जिन्यात जाऊन डोळे पुसून आला होता. ज्यांच्या कानांवर आपली थाप कधी पडायची नाही, त्यांनी आपलं नाव थापेवरून ठेवावं!

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत मुंबईच्या एका संस्थेतून आजगावकर मॅडम आल्या. कानांची तपासणी आणि यंत्रं हे त्यांचं काम. त्यांनी श्रवणयंत्रांचा एक नवा प्रकार आणला होता. छातीवर पट्ट्याने बांधायची छोटी पेटी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसणारा साचा. दिसायला जुन्या यंत्रांसारखंच, पण जुनी यंत्रं नुसती शिट्ट्या मारायची, ही म्हणे बोलणं जास्त स्वच्छ पोचवणार होती. ती मुलांवर दोन महिने वापरून बघायची होती. बारा मुलं निवडली गेली. त्यांत सर्वांत लहान होती राही डोर्लेकर, पूर्णगडच्या दर्यावर्दी घरातली, साडेपाच वर्षांची.

यंत्रं वाटून झाल्यावर मॅडमनी आणखी एक पेटी उघडून दाखवली. "हे परदेशातून आलेलं, जास्त ताकदीचं. माझ्याकडे एवढं एकच आहे. दोन महिन्यांनी बघू. ज्या मुलाला या नव्या यंत्रानेही काही पोचत नाही, त्याला हे द्यायचं. दुसऱ्या एका शाळेतही एक मुलगा आहे माझ्या नजरेत. दोघांपैकी ज्याला जास्त गरज, त्याला."

"लहानाला आधी द्या हो," शेट्येबाई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते, नोंदी चोख ठेवा. पाच-सहा वर्षांच्या आत कानावर शब्द पडला, तर मूल बोलायला लागतं. त्यानंतर एकेक वर्ष गेलं की तो दरवाजा थोडा थोडा लागत जातो."

भिकाजी पाण्याचे पेले गोळा करत होता. हे वाक्य त्याने ऐकलं होतं. पुढे त्याला ते पुष्कळदा आठवायचं होतं.

रोजची चाचणी कोणी घ्यायची, हा प्रश्न आला. तिन्ही शिक्षिका वर्गांत गुंतलेल्या. शेट्येबाई म्हणाल्या, "आमच्या भिकाजींना द्या. चौथी पास आहेत, अक्षर वळणदार आहे, आणि त्यांची थाप रोज एकाच वजनाची पडेल. आमच्यापैकी कुणाची पडायची नाही."

चाचणी सोपी होती. मुलाच्या पुढ्यात एक वाटी चिंचोके आणि एक रिकामी टोपली. भिकाजीने पाठीमागे उभं राहून ढोलकीवर थाप द्यायची, नाहीतर 'आ', 'ऊ' असा आवाज काढायचा. मुलाला ऐकू आलं की त्याने एक चिंचोका टोपलीत टाकायचा. तीन हातांवरून चार वेळा, सहा हातांवरून चार वेळा, बारा हातांवरून चार वेळा. बारापैकी किती, ते वहीत लिहायचं.

भिकाजी जीव ओतून काम करायला लागला. सकाळी स्वच्छ धुतलेला सदरा घालून माडीवर जायचा. शनिवारी संध्याकाळी सगळ्या यंत्रांतले सेल काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि सोमवारी परत घालायचे, हेही त्याच्याकडेच. कुणी पाच टाकायचं, कुणी सात. आठवड्यांमागून आठवडे गेले तशी काही मुलं आठावर, नवावर पोचली. आणि राही? ती तिसऱ्या आठवड्यातच बारापैकी बारा टाकायला लागली.

तशी ती पोर पहिल्यापासून तल्लख. होडीत उभं राहिल्यासारखे पाय फाकवून उभी राहायची. कुणी जिना चढायला लागलं की सगळ्यांआधी राहीची मान दाराकडे वळायची. "हिला ऐकू येतं थोडं, मी सांगते तुम्हाला," शेट्येबाई कितीदा म्हणाल्या होत्या. आता ते वहीत उतरलं.

फेब्रुवारीत राहीची आई चिमा लेकीला भेटायला आली. वही तिला वाचता येत नव्हती, पण शेट्येबाईंनी बोट ठेवून दाखवलं, बारापैकी बारा. चिमाने पदराआडून सोड्यांची, वाळवलेल्या कोळंबीची, पुडी काढून भिकाजीच्या हातात दिली आणि त्याला कळायच्या आत खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"अगं, अगं, काय करतंस? मी काय देव हाय?"

"भिकूदादा, पाच वर्सं हाक मारतंय मी हिला. तुमच्या थापेला वळली. माज्या हाकेला बी वळंल आता."

"वळंल, वळंल! धीर धर."

त्या रविवारी तो गावी गेला तेव्हा पारावर चारचौघांत ही गोष्ट त्याने दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना राही बारा हातांऐवजी वीस हातांवरून ऐकायला लागली होती.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी भिकाजीची एस.टी. उशिरा पोचली. येऊन तो धावतपळत माडीवर गेला. मुलं यंत्रं बांधून तयारच होती. त्याने घाईघाईने डब्यातले सेल यंत्रांत भरले आणि चाचण्या सुरू केल्या. राहीचे बारापैकी बारा. वहीत आकडा लिहिला, मुलांना खाली पाठवलं आणि डब्याचं झाकण लावायला गेला तर तळाशी एक सेल पडलेला.

एका यंत्राला एकच सेल लागायचा. म्हणजे एक यंत्र रिकामं राहिलं होतं. त्याने एकेका मुलाला बोलावून पेट्या उघडून बघितल्या. राहीची पेटी रिकामी होती.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, पोरीला यंत्राशिवायच ऐकू यायला लागलं! हात जोडावेत म्हणून ते छातीपर्यंत आलेही. पण ते तिथेच थांबले. मृदंग वाजवणाऱ्या माणसाला आपण काय वाजवलं आणि समोरच्याने कशावर पाय टाकला, हे कळतं. त्याने राहीला परत पाठमोरी उभी केली. पेटी अजून रिकामीच. ढोलकी बाजूला ठेवली आणि नुसती टाच फळीवर टाकली. चिंचोका टोपलीत पडला. पुन्हा टाच, पुन्हा चिंचोका. मग त्याने पेटीत सेल घातला, यंत्राचं आवाजाचं चाक पूर्ण फिरवलं, स्वतः दाराच्या दगडी उंबरठ्यावर चढून उभा राहिला, टाच दाबून धरली आणि हातभर अंतरावरून, अंगात होती तेवढ्या ताकदीने ढोलकीवर थाप मारली. खाली अंगणातली कोंबडी ओरडली. राहीने हाताच्या मुठीत चिंचोका धरून ठेवला होता. ती वाट बघत होती.

थाप असो की 'आ', 'ऊ', भिकाजीची टाच रोज आधी पडतच होती. दोन महिने तो पोरीच्या कानांची नोंद करत होता आणि पोर त्याला पायांनी उत्तर देत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. 'थाप कळली की चिंचोका टाक,' एवढंच तिला खुणेने सांगितलं होतं, आणि थाप तिला कळत होती. फळ्यांतून, तळव्यांतून. तिच्या लेखी ऐकणं म्हणजे हेच असणार.

तो जिना उतरून ऑफिसाच्या दारात गेला. सांगायलाच गेला होता. शेट्येबाई फोनवर बोलत होत्या आणि बोलता बोलता त्याच्याकडे बघून हसत होत्या.

"हो, हो, बारापैकी बारा. आमच्या भिकाजींची मेहनत... गुरुवारी? या ना, मुलं तयारच आहेत." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुवारी मॅडम येतायत. शाळेच्या अध्यक्षांनाही बोलावलंय. त्यांच्या हस्ते तुमचा सत्कार करायचा असं ठरलंय, शाल-श्रीफळ देऊन. काय, बोला, काय म्हणत होतात?"

"काय नाय, बाई," भिकाजी म्हणाला. "चहा ठेवू काय, इचाराला आलेलो."

गुरुवारपर्यंत तीन दिवस होते. तीन दिवसांत त्याने बाईंना सात-आठ वेळा चहा विचारला असेल.

गुरुवारी मॅडमनी आधी आपल्या मशीनवर एकेका मुलाला तपासलं. राहीची पाळी झाल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मशीनवर ही मुलगी जवळजवळ काहीच दाखवत नाही. आणि तुमच्या वहीत रोज बारा. कसं काय?"

"नवीन माणसाला बुजली असेल," शेट्येबाई म्हणाल्या.

"तेही होतं. लहान मुलं माझ्यापुढे गोठतात कधीकधी. असं करू, भिकाजी, तुम्ही रोज जशी घेता तशी घ्या. मी नुसती बघते."

मॅडम कामाच्या पक्क्या होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली, भिकाजीची सावली पुढे पडू नये म्हणून. भिंतीवरचा आरसा उलटा केला. भिकाजीच्या तोंडापुढे पुठ्ठा धरायला लावला, श्वासाचा वारा मुलीच्या मानेला लागू नये म्हणून. मग राहीच्या समोर सतरंजीवर बसून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. एवढ्या सगळ्या काळजीत फक्त जमीन राहून गेली.

भिकाजी सहा हातांवर उभा होता. बाजूला खुर्चीवर अध्यक्ष, त्यांच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली शाल. पाठमोऱ्या राहीच्या मुठीत चिंचोका. त्याला एवढंच करायचं होतं, टाच खाली टेकवून ठेवायची. मग पोर उभी राहिली असती, मॅडमना कळलं असतं, आणि ती दुसरी पेटी, ती ताकदीची, कदाचित तिथल्या तिथे उघडली असती. त्याला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. दिसत नव्हतं असं तो पुढे कधीही म्हणाला नाही.

त्या दिवसापर्यंत टाच आपोआप पडत होती. त्या दिवशी ती त्याने टाकली. रोजच्यापेक्षा जराशी जोरातच.

चिंचोका पडला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बारा वेळा टाच पडली आणि बारा चिंचोके टोपलीत गेले. मॅडम राहीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "शहाणी गं बाय! मग हिला याच यंत्रावर राहू दे. छान चाललंय. मोठं यंत्र त्या दुसऱ्या मुलाला देते." त्यांनी वहीत सही केली. अध्यक्षांनी शाल भिकाजीच्या खांद्यावर टाकली. राही समोरच उभी होती. तिने दोन्ही हात पोटापुढे धरून मृदंग वाजवला, त्याचं नाव घेतलं, आणि हसली. भिकाजीला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी रात्री गावच्या घरी काशीने शाल उलगडून बघितली. "अवो, ऊबदार हाय की. अंगावर तरी घ्या!"

"उकडताय," भिकाजी म्हणाला. काशीने त्या दिवशी चिमाने दिलेल्या उरल्या सोड्यांचं कालवण केलं होतं. तो भाताला मीठ लावून जेवला. बराच वेळ गेल्यावर काशी म्हणाली, "आज टाच गप कशी?"

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मुलं घरोघर गेली. राहीच्या यंत्राची वायर तुटल्याचा निरोप पूर्णगडाहून आला. शेट्येबाईंनी नवी वायर आणि सेल देऊन भिकाजीला पाठवलं. पावसवरून जाणाऱ्या एस.टी.त तो सबंध वेळ पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होता.

किल्ल्याच्या खाली खाडीच्या तोंडाशी वाळूत मासळी वाळत घातलेली होती. राही एका टोकाला हातात काठी घेऊन कावळे हाकायला उभी, छातीवर पेटी, कानात साचा, वायर दोऱ्याने बांधलेली. तिची पाठ चिमाकडे. चिमा पंधरा-वीस हातांवर जाळं निवडत बसली होती. तिची भिकाजीकडे नजर जायच्या आत एक कुत्रं राहीच्या पाठीमागून आलं आणि त्याने मासळीत तोंड घातलं.

"राहे!" चिमा ओरडली. "राहे, कुत्रं बग! ए राहे!"

राही पुढच्या कावळ्याकडे बघत होती. वाळू मऊ असते. वाळूतून काही येत नाही.

चिमा उठली, तरातरा गेली, आणि राहीच्या पाठीत धपाटा घातला. एक, मग आणखी एक. "शाळंत आयकू येता! भिकूदादाचं आयकू येता! आयशीचं तेवढं आयकू येत नाय! माजलंस तू, माजलंस!" पोर दचकून वळली. तिने रडायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघितलं, काय चुकलं ते शोधायला. ते तिला तिथे सापडलं नाही, मग ती रडली.

भिकाजी पिशवी घेऊन तिथेच उभा होता. चिमाने त्याला बघितलं आणि ती ओशाळली.

"दादा, तुमी कवा आलाव? बगा की हिची नाटकं. तुमच्याकडं बाराला बारा, आनि माज्याकडं ही अशी. मुद्दाम करता. सासू म्हनता, लाडावून ठेवलीस. घरात बी तसंच. जेवाला हाक मारली, येत नाय. मग देतंय एक ठेवून. काय करू?"

"चिमा, तिला मारू नको."

"तुमी सांगा तिला. तुमचं आयकंल."

"ती माजं आयकत नाय." भिकाजी वाळूत बसला. उभं राहून सांगता येण्यासारखं ते नव्हतं. "तिला काय बी आयकू येत नाय, चिमा. माजी टाच पडायची माडीवर. फळी हालायची. ती पायांनी वळखायची. माना कळला होता ता. मॅडम आल्या त्याच्या आधी तीन दिस कळला होता. मी सांगितला नाय. मॅडमच्या समोर मी मुद्दाम टाच टाकली."

चिमाला आधी ते उमजलं नाही. त्याने परत सांगितलं, सेलापासून. मोठ्या यंत्राचंही सांगितलं, ते दुसऱ्या पोराला गेलं हेही. ती शिव्या देईल, वाळू फेकेल, यासाठी तो खांदे आवळून बसला होता. त्याला वाटत होतं, तिने तसं करावं.

चिमा राहीकडे बघत होती. राही हुंदके देत देत परत काठी घेऊन आपल्या जागी जाऊन उभी राहिली होती.

"मंग मी तिला येवढं मारलं, ता?" चिमा म्हणाली. "शिमग्याला घरी आणली तवापासून मारतंय मी तिला, दादा."

 चिमा राहीपाशी गेली, तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भिकाजीकडे तिने पुन्हा वळून बघितलं नाही. तो वायर आणि सेल जाळ्यावर ठेवून निघाला. एस.टी.ला दोन तास होते. ते त्याने थांब्यावर उभ्यानेच काढले. त्याची टाच हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेट्येबाईंच्या घरी गेला. कागदात गुंडाळलेली शाल त्याने त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. बाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

"तुम्ही त्या सोमवारी दारात आला होतात," त्या शेवटी म्हणाल्या. "चहा विचारलात."

"व्हय."

"आणि मी तुम्हाला आधी सत्काराचं सांगून टाकलं."

"बाई, तुमचा काय दोष नाय त्याच्यात. माना कामावरून काढा. पन त्याच्या आधी मॅडमना कळवा."

"काढायचं का ते नंतर बघू. शाल घेऊन मी काय करू? ठेवा घरी. वहीचं काय ते करू." बाईंनी कपाटातून वही काढली. भिकाजीने मार्चचं पान उघडलं आणि बारांवर रेघा मारायला पेन टेकवलं. बाईंनी त्याचा हात धरला.

"खोडू नका. मॅडमची सही आहे त्यावर. खाली लिहा. तुमच्या अक्षरात."

चौथी पास माणसाने आयुष्यात लिहिलेलं सर्वांत लांब लिखाण तेच असेल. त्यातली पहिली दोन वाक्यं अशी होती: 'राहीच्या यंत्रात सेल नव्हता. हे मला माहीत होते.' बाईंनी त्याची नक्कल काढून मुंबईला पाठवली.

जूनमध्ये शाळा उघडली तशा मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हे भिकाजीला जास्त लागलं. "चौदा वर्षं हे काम करते मी," त्या शेट्येबाईंना म्हणाल्या, "आरसा उलटा केला, पुठ्ठा लावला, आणि पायाखाली बघितलं नाही." मग भिकाजीकडे वळल्या. "पण मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं."

"व्हय, मॅडम."

सगळ्या बारा मुलांची चाचणी पुन्हा झाली, खाली अंगणात मातीवर. आणखी दोघांचे आकडे घसरले. राहीचा शून्य आला. मोठं यंत्र त्या दुसऱ्या मुलाच्या छातीवर कधीच गेलं होतं. त्यालाही त्याची गरज होतीच, आणि ते काढून आणा असं कुणी म्हणणं शक्य नव्हतं. पुढचं केव्हा मिळेल ते मॅडमना सांगता येईना.

भिकाजीला कामावरून काढलं नाही. चाचणी मात्र एका शिक्षिकेकडे गेली. पण पावसाळ्यात अंगण मिळेना, खाली मुलांच्या सामानाची दाटी, आणि माडीवर तर फळ्याच. मग एका रविवारी भिकाजी भाट्याच्या किनाऱ्यावरून वाळूची गोणी डोक्यावर घेऊन आला. पुढच्या रविवारी आणखी एक. लाकडी चौकट ठोकून त्याने माडीच्या कोपऱ्यात वीतभर वाळूचा चौकोन केला. मूल त्यात उभं करायचं. ओल लागली की वाळू काढून उन्हात घालायची आणि परत भरायची. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी त्याला शाबासकी दिली तर तो तिथून निघून जायचा. पुढच्या शिमग्याला वाडीत त्याने मृदंग पुतण्याच्या गळ्यात घातला. "हात दुखताय," म्हणाला. काशीने पेढे वाटले नाहीत.

मुलं त्याला अजूनही मृदंगाच्याच खुणेने हाक मारायची. मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

चिमा दर दोन महिन्यांनी यायची, राहीला भेटून जायची. भिकाजीशी ती बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. सोड्यांची पुडी तिने परत कधी आणली नाही. लेकीला हाक मारायची तिने सोडली होती. आता ती जवळ जाऊन खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर मॅडमचं पत्र आलं, आणि मागोमाग ताकदीचं यंत्र घेऊन त्या स्वतः. राही तोवर सात वर्षं उलटून गेलेली. सगळे माडीवर जमले. चिमाही होती. मॅडमनी राहीला वाळूत उभी केली, नवी पेटी बांधली, साचा बसवला, चाक हळूहळू फिरवलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ढोलकी कोण वाजवणार? हे माझ्या हाताचं काम नाही."

 भिकाजी दाराआड उभा होता. चिमा म्हणाली, "वाजवा की, भिकूदादा." तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती.

भिकाजीने कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढलं. त्यावर चढून बसला, दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली आणि ढोलकी मांडीवर धरली. सव्वीस पोरांच्या शाळेत पंचेचाळीस वर्षांचा माणूस असा स्टुलावर मांडी घालून बसलेला बघून एरवी सगळे हसले असते. थाप द्यायची म्हटल्यावर मांडीखाली टाच शिवशिवली. त्याने ती दुसऱ्या पायाने दाबून धरली.

पहिल्या थापेला काही झालं नाही. मॅडमनी चाक आणखी थोडं फिरवलं. दुसऱ्या थापेला राहीच्या पापण्या फडफडल्या. तिसरी थाप पडली, आणि तिने मुठीतला चिंचोका टोपलीत टाकला. चिमाच्या तोंडून आवाज फुटला आणि तिने पदर तोंडात धरला.

मॅडम म्हणाल्या, "परत." चिंचोका पडला. "परत." पडला. 'आ', 'ऊ' म्हटल्यावर मात्र नाही; ते तीन हातांवर अधूनमधून जमायला पुढे सहा महिने जायचे होते. बोलणं तर त्याहून कितीतरी दूर होतं. किती दूर, आणि ते दीड वर्ष हातात असतं तर किती जवळ असतं, हे मॅडमनाही सांगता आलं नाही. भिकाजीने ते विचारलंही नाही.

पाचव्या थापेनंतर राही एकदम वळली. छातीवरची पेटी दोन्ही हातांनी धरून तिने मागे बघितलं. सगळ्यांना वाटलं, ती आईकडे बघेल, नाहीतर ढोलकीकडे.

तिने भिकाजीचे पाय शोधले. आधी स्टुलाखालची जमीन बघितली, मग वर बघितलं. पाय वर मांडीखाली दुमडलेले होते, हलत नव्हते. ती बघतच राहिली. मग तिने आपल्या पायांखालच्या वाळूकडे बघितलं आणि परत त्याच्याकडे. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली होती. काहीतरी त्याला विचारायचं होतं तिला, पण त्यासाठी तिच्याकडे खूण नव्हती.

"वाजवा, भिकाजी," मॅडम म्हणाल्या. "थांबू नका."

भिकाजीने मान खाली घातली आणि थाप दिली.